मेणाच्या बाईंची अर्धी गोष्ट

मेणाच्या बाईंनी मला फसवलं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं त्यांच्याबद्दल चार बरे शब्द लिहिले गेले तर कुणी मला भोळी समजू नये. वर्षभरात माझी मुलगी वाचायला लागेल, असा शब्द त्यांनी मला माझ्याच दुकानात, माझ्याच काउंटरवर हात ठेवून दिला होता. त्यानंतर दहा महिने त्यांनी तिला एक अक्षर शिकवलं नाही.

मला फसवणं सोपं नाही. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन जुन्या कपड्यांवर भांडी देत मी नांदेडच्या गल्ल्या तुडवल्या आहेत. सातवीत शाळा सुटली ती या पाटीखातरच. देगलूरच्या, नायगावच्या, हिमायतनगरच्या बायका घासाघीस करून थकल्या, पण विरलेल्या पातळावर जास्तीची वाटी माझ्याकडून कुणी काढू शकलं नाही. त्या पाटीतूनच पुढं भांड्यांचं दुकान उभं राहिलं. मी सौदा हरले तो एकच, आणि तो या बाईंशी.

बाईंच्या मुठीत कायम मधमाशांच्या मेणाचा गोळा असायचा. बोलताना, चालताना, उन्हात रिक्षाची वाट बघतानाही त्यांची बोटं तो हळूहळू मळत असायची. मेण आधी दगडासारखं कडक. थोड्या वेळानं मूठ उघडली की त्यात चिमणी, नाहीतर शेंग, नाहीतर झोपलेलं वासरू. त्यांच्या अंगाला मधाचा पुसट वास यायचा. कुणी कसलीही घाई केली की त्या म्हणायच्या, "हात गरम होऊ द्या आधी."

त्या पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा आरू पंगतीच्या भाताच्या मोठ्या पातेल्यात बसली होती. आरू म्हणजे माझी आरोही, तेव्हा सहा वर्षांची. मी तिला मोठ्या हौसेनं इंग्रजी शाळेत घातलं होतं. तिथं मराठी बोललं की बाकावर उभं करायचे. आरूनं त्यावर आपला उपाय शोधला. तिनं बोलणंच बंद केलं. आधी शाळेत, मग घरात. दुकानात आली की त्या पातेल्यात शिरायची आणि गुडघ्यांत मान घालून बसायची. मी ओरडले, धपाटे दिले, जवळ घेऊन रडलेही. ती बाहेर यायची नाही.

बाईंनी तिला बाहेर ये म्हटलं नाही. त्या पातेल्यावर वाकल्या आणि तोंड मिटून नुसत्या गुणगुणल्या. पातेलं घुमलं. शेजारच्या पराती, कळश्या, वरच्या फळीवरचे डबे, सगळं दुकान झोपेत कूस बदलल्यासारखं बारीक थरथरलं. त्या थांबल्या. मग आतून, तळातून, तसाच एक सूर वर आला. तीन महिन्यांनी मी माझ्या पोरीचा आवाज ऐकत होते.

बाईंनी एक स्टीलचा वाडगा घेतला. "नाव टाकून द्या," म्हणाल्या.

"कुणाचं?"

"पातेल्यातल्या मुलीचं."

बाई अर्धवट दिसते, असं मनात म्हणत मी मशीन चालवून टिंबाटिंबांनी आरोहीचं नाव कोरून दिलं. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

बाई मूळच्या उदगीरच्या. पुण्याकडं कुठंतरी वॉल्डॉर्फ नावाची पद्धत शिकून आलेल्या. माझ्या जिभेला तो शब्द वळला नाही, मी तिला वालाची शाळा म्हणायचे. मोबाइल नाही, पुस्तक नाही, परीक्षा नाही. गोष्टी, गाणी, रंग, आणि हातानं करायची कामं. आरूला त्या शाळेतून काढा, मी शिकवते, म्हणाल्या; त्यांची ही शाळा आमच्या दुकानामागच्या घरातच भरणार होती.

"किती वेळ लागंल?" मी विचारलं.

"नऊ ते अकरा. तुम्हीपण बसायचं."

"मी कशाला? शिकायचं पोरीला हाय का मला?"

"घरची शाळा घरच्या माणसाशिवाय कशी होणार, ताई?"

"अर्धा तास बसते. सकाळची गिऱ्हाईकी असती."

"नऊ ते अकरा."

"बरं, तास. अन् वर एक कुकर देते."

बाई हसल्या, मेण मळत राहिल्या. मी सव्वा तासावर आले, दीड तासावर आले. त्या नऊ ते अकराच. शेवटी मी म्हटलं, "मग वर्षात वाचाया आलं पायजे." त्या म्हणाल्या, "वाचेल." फी विचारली तर म्हणाल्या, "जुने कपडे द्या." बोहारणीला जुने कपडे मागणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. सौदा मीच जिंकले, असं मला त्या दिवशी वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून अकरापर्यंत शटर बंद. मागच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीतून ऊन यायचं. त्या उन्हात आम्ही तिघी सोमवारी ज्वारी निवडायचो, मंगळवारी रंगवायचो, बुधवारी मेण, गुरुवारी शिवण. माझ्याच गाठोड्यातल्या एका विटक्या पातळाची बाहुली झाली. ते पातळ मी कुठल्या दारातून आणलं होतं ते मला अजून आठवत होतं. कोपऱ्यातल्या पाटावर बाई हंगामाप्रमाणं वस्तू मांडायच्या. कधी कापसाचं बोंड, कधी हुरड्याचं कणीस, कधी करडईचं काटेरी फूल. बाहेर गिऱ्हाइकं शटर वाजवून परत जायची, आणि तो आवाज दुसऱ्याच कुठल्या गावातून आल्यासारखा वाटायचा.

मंगळवारचं मात्र माझ्या डोक्यात जायचं. ओला कागद, नाव कोरलेल्या वाडग्यात पाणी, आणि रंग एकच, पिवळा. पुढच्या मंगळवारीही पिवळा. त्याच्या पुढच्याही.

"बाई, आंबा तरी काढू द्या तिला."

"पिवळ्याशी ओळख होऊन राहिली तिची. तुम्ही तुमचा कागद बघा."

माझ्या कागदावर पिवळा पसरत पसरत कडेला फिका होत जायचा, पहाटेच्या आभाळासारखा. मी बघत बसायचे आणि अकरा कधी वाजले ते कळायचं नाही. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

दिवाळीत नायगावहून माझी जाऊ आली. तिनं आरूला समोर उभं करून स्पेलिंग विचारलं. आरूनं तिच्याकडं शांतपणे पाहिलं आणि म्हणाली, "काकू, तुमच्या पातळाचा रंग जांभळात जायला लागलाय." पूर्ण वाक्य. मला ते ऐकून तिला कुठं ठेवू आणि कुठं नको असं झालं, पण जाऊ हसत सुटली. "सात वर्षांची घोडी, अन् नुसतं पाण्यात ब्रश फिरवून राहिली. हिलाबी पाटी घेऊन फिरवणार का काय गल्लीनं?"

ते मला लागलं. कारण ती भीती माझीच होती, रोज रात्री उशाशी बसणारी. दिवाळी संपताच मी बाईंना दारातच गाठलं. शब्द आठवून दिला, आवाज चढवला, लबाड म्हटलं. त्या उंबऱ्याशी उभ्या राहून ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी मेणाचा गोळा माझ्या हातात ठेवला आणि माझी मूठ मिटली. "हात गरम होऊ द्या, ताई." मी रागानं तो दाबत राहिले. मेण मऊ झालं तेव्हा माझा राग कुठं गेला होता, कुणास ठाऊक. ही पण एक फसवणूकच.

संक्रांतीनंतर त्यांनी एक लांब गोष्ट सुरू केली. एका मुलीचा आवाज गोदावरीच्या डोहात पडतो. ती तो शोधत पाण्याखाली उतरते. कासवाला विचारते, वाळूला विचारते, बुडालेल्या घंटेला विचारते. बाई रोज थोडं सांगायच्या, तेही आदल्या दिवशीचं सगळं पुन्हा सांगून. आरू बाहुली पोटाशी धरून ऐकायची. मीही ज्वारी निवडायची थांबायचे.

पळस फुलला तेव्हा एका शुक्रवारी मुलगी आवाज घेऊन डोहाच्या काठावर आली. ओल्या केसांनी उभी राहिली, तोंड उघडलं. "आणि ती पहिला शब्द बोलली," बाई म्हणाल्या, आणि पाटावरची फुलं नीट करू लागल्या. "तो कोणता, ते उदगीरहून आल्यावर सांगते. छातीत जरा दुखून राहिलंय, भावाकडं जाऊन डॉक्टरला दाखवते. आठ दिवस."

मंगळवारी मी एकटीनं कागद ओला केला. आता पिवळ्यासोबत तांबडा आणि निळाही असायचा. आरूनं ब्रश बुडवला आणि वाडग्यावरच्या टिंबांवरून बोट फिरवलं, दर मंगळवारी फिरवायची तसं. मग बोट थांबलं. परत पहिल्यापासून निघालं. "आ," ती म्हणाली. "रो. ही." माझ्याकडं बघून हसली. "मम्मे, हे मीच हाय की."

मी उठून दुकानात गेले. मग एकेक डबा, परात, कळशी तिच्यापुढं आणली, आणि ती त्यांवर गिऱ्हाइकांसाठी कोरलेली नावं हळूहळू वाचत गेली; कोरताना मी एकेक अक्षर मोठ्यानं म्हणायचे, ते तिनं बघून ठेवलं होतं. कुठं अडली, कुठं चुकली, पण वाचत गेली. अकरा वाजून गेले तरी मी शटर उघडलं नाही. मी उदगीरला फोन लावला. बाईंना ओरडून सांगायचं होतं की तुम्ही चोर आहात, दहा महिने पोरीचं नाव पाण्यात ठेवून मला कळू दिलं नाही, आणि ते मीच कोरलेलं. फोन त्यांच्या भावानं उचलला. बाई रविवारी गेल्या होत्या.

तेव्हा वाचनाबद्दलची तक्रार मी मागे घेते. शब्द दिला होता, वर्षाच्या आत पाळला गेला. गोष्टीबद्दलची घेणार नाही. आरू आता मिळेल ते पुस्तक वाचते, त्यात ती मुलगी शोधते, आणि सापडली नाही की माझ्याकडं येते. मी तिला शेवट देऊन पाहिले. मुलगी आई म्हणाली, असं सांगितलं. पाणी म्हणाली, असं सांगितलं. दहा वेळा देऊन पाहिले. ती मान हलवते. "बाईंचा नाही हा." पोरगी घासाघीस ऐकत नाही, हेही त्यांचंच शिकवणं.

आजही शटर अकरापर्यंत बंद असतं. नऊ वाजता मी पाट मांडते, पूर्वेच्या उन्हात बसते, मेणाचा गोळा हातात घेते. आरू समोर बसते आणि वाट बघते. बाई, आठ दिवस म्हणाला होतात. हात गरम झालेत आमचे. काठावर उभी राहून ती मुलगी काय म्हणाली, ते आता तुम्हीच सांगायचं.