शेंड्यावरची मुंगी

दस्तगीर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी गुऱ्हाळात काहिलीपाशी उभा होतो. निरोप घेऊन त्यांच्या गल्लीतला शेजारी कसबा बावड्यापर्यंत उन्हातून चालत आला होता. मी त्याला सावलीत बसवलं, रसाचा तांब्या पुढं केला, त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणालो, "बरं." एवढंच. आणि उकळता रस ढवळत राहिलो... गुळव्यानं माझ्या हातातलं लाकूड ओढून घेतलं तेव्हा वास सुटला होता. "मालक, सरका. न्हाय जमायचं आज तुमास्नी." आयुष्यात मी पुष्कळ गोष्टी बिघडवल्या, पण अख्खी काहील करपवायची ती पहिलीच खेप.

दस्तगीर आणि मी, दोघंही कोल्हापूरच्या महाराजांनी काढलेल्या बोर्डिंगांतली पोरं. तो मुसलमान पोरांच्या, मी मराठ्यांच्या. शाळेत बाक मात्र एकच. त्याचे वडील घोड्यांना नाल मारायचे, आणि नाल ठोकण्यापूर्वी चारी बाजूंनी निरखावा तसा हा भूमितीचा सिद्धांत निरखायचा. माझी रीत वेगळी होती. परीक्षेत सिद्धता विचारली तर मी लिहिलं, "आकृतीत हे उघड दिसत आहे, पाहणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत." मास्तरांनी त्यांचे डोळे उघडे ठेवूनच मला फोडून काढलं. दस्तगीर हसून हसून बाकाखाली गेला, आणि वर आल्यावर म्हणाला, "आबा, दिसतं ते सगळं खरं नसतं रे. म्हणून तर सिद्ध करायचं." पुढं तो मुंबईला जाऊन बी.ए. झाला आणि हायस्कुलात मास्तर होऊन परतला. मी इथंच राहून ऊस लावला.

मुंबईच्या त्याच्या जुन्या प्रोफेसरांनी त्याला एक जर्मन पुस्तक धाडलं होतं. नेमकं तेव्हाच जर्मनाशी युद्ध पेटलेलं. शब्दकोश उघडून रोज पानभर जर्मन वाचणारा मास्तर म्हटल्यावर गावात कुजबूज व्हायचीच. एक शिपाई माझ्याकडं चौकशीला आला. मित्राला सोडवायच्या आवेशात मी ठणकावलं, "अहो, बेरीज-वजाबाकी न्हाय त्यात. अनंताचं गणित हाय!" शिपायानं 'अनंत' कोण, कुठं राहतो, ते टिपून घेतलं. दस्तगीरला पुढं दोनदा चावडीवर जावं लागलं, ते जर्मनापायी नव्हे, माझ्यापायी.

मग त्याला क्षय झाला. डॉक्टरांनी मोकळी हवा सांगितली, म्हणून मी माझ्या उसाच्या कडेला त्याला खोप घालून दिली. सोबतीला त्याची आई होती. संध्याकाळी मी गेलो की तो खाटेवरून शिकवायला बसायचा. "हे कोल्हापुरात दुसऱ्या एका तरी डोक्यात राहायला पाहिजे, आबा. जवळ तुझंच डोकं आहे, काय करणार?" तो हसत म्हणायचा खरा, पण डोळे हसत नसत. आणि मी "समजलं" म्हटलं की लगेच, "मग सांग बघू मला."

समोरची उसाची सरी हाच आमचा फळा. तो म्हणायचा, असं धर की कुठल्याही दोन उसांच्या मध्ये आणखी एक ऊस आहेच. खंड नाही. त्यावर मुंग्या. कुठली मुंगी पुढं, कुठली मागं, हे ठरवायचं कसं? आधी ऊस बघायचा, आणि ऊस एकच असेल तर उंची. शब्दकोशात आधी पहिलं अक्षर बघतात, मग दुसरं, तसंच. आता या सरीत अगणित मुंग्या सोड. कुठंतरी त्यांची दाटी होणारच, त्या निसटून जाऊच शकत नाहीत. "इथं कुणी हरवत नाही," तो म्हणायचा. याच्याही पुढं त्याचं स्वतःचं काही होतं. कधीच खाली न उतरणाऱ्या रेघांचा एक अफाट समुदाय, त्यातली अख्खी रेघ म्हणजे एकच ठिपका. आणि आपल्या सरीतली मुंगीची एकेक जागा ही त्यातलीच एकेक रेघ: त्या उसापर्यंत जमिनीसपाट, त्या उसावर मुंगीच्या वर जेवढा ऊस उरला तेवढी उंच, आणि पुढं सगळी शेंड्यावर. आपली सरी त्या अफाट समुदायात अशी जशीच्या तशी बसते, हे सांगताना तो खोकला विसरायचा.

शेवटच्या संध्याकाळी त्यानं मला सगळं त्यालाच परत सांगायला लावलं. मी जोरात होतो. "ऊस बुडख्यापासून सुरू, आणि शेंडे काय, आपण तोडतोच, जनावरांना वाढं म्हणून..." तो ताडकन उठून बसला. "शेंडा तोडलास? मग मुंगी गेली की रे!" आणि असा हसला, असा खोकला, की त्याची आई धावत आली. "आबा, हशिवू नगंस त्येला! जा बाबा आता घरला." मी गेलो. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला गावातल्या घरी नेलं.

उसाला पाणी पाजताना मला त्याचं ते 'मुंगी गेली' उमगलं. एकाच उसावर वर वर चढत जाणाऱ्या मुंग्यांना शेंडाच नसेल, तर पोहोचायला जागा कुठली? आणि लगेचचा पुढचा ऊस तर नसतोच, मध्ये आणखी ऊस असतातच. टोक होतं म्हणून कुणी हरवत नव्हतं! मी सरीतच ओरडलो. पण गुऱ्हाळ सुरू झालेलं, चरक फिरायला लागलेला. म्हटलं, एवढी काहील उतरली की जातो आणि सांगतो...

तीच ती काहील.

जनाज्याला मी खांदा दिला. त्यांच्यात चार पावलं गेली की खांदा दुसऱ्याला द्यायचा, म्हणजे आलेल्या प्रत्येकाला मिळतो. मला ते ठाऊक नव्हतं. मी धरून राहिलो. मागून कुणीतरी हळू म्हणालं, "पाटील, सोडा की आता. समद्यांचा हक्क हाय." मला सोडता येईना. शेवटी त्यांनीच माझी बोटं उकलली.

आता फड तुटलाय. खोपीसमोरची एक सरी तेवढी मी शेंड्यांसकट राखलीय. तोडकरी विचारतात तर सांगतो, मुंग्यांसाठी. ते एकमेकांकडं बघतात. संध्याकाळी मी त्याच्या खाटेवर बसून सगळं मोठ्यानं सांगतो, बुडख्यापासून शेंड्यापर्यंत, एकही टोक न सोडता. कधी कधी खरंच एखादी मुंगी शेंड्यावर पोचते, आणि पुढं काही नाही म्हणून तिथंच चाचपडत राहते. "समजलं, दस्तगीर," मी म्हणतो, आणि थांबतो... मग मीच म्हणतो, "मग सांग बघू मला," आणि पुन्हा बुडख्यापासून सुरू करतो.