बाविसावा अर्ज

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण ज्या चोरीत सोन्याचा मणीसुद्धा गेला नव्हता, तीच घटना आजही मला सर्वांत आधी आठवते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी वसई पूर्वेला फौजदार होतो. एका सकाळी गोखिवऱ्याचे एक गृहस्थ ठाण्यात आले. एका विमान कंपनीत सामान चढवणाऱ्या कामगारांचे मुकादम आणि त्यांच्या युनियनचे सरचिटणीस. आदल्या दिवशी घरचे सगळे लग्नाला गेले असताना कोणीतरी कपाटातली एक फाईल नेली होती. शेजारीच ठेवलेल्या बांगड्या जागच्या जागी होत्या.

"फाईलमध्ये काय होतं?"

"बावीस बायकांचे सह्या केलेले अर्ज, साहेब. युनियनमध्ये घ्या म्हणून."

त्यांनी सविस्तर सांगितलं. कायम कामगारांची युनियन जुनी होती. पण खाजगी विमान कंपन्या आल्या, तशी विमानं आतून साफ करण्याची कामं ठेकेदाराकडे गेली. त्या कामावरच्या बायकांना ना रजा, ना कोणी वाली. कायमवाल्यांतले बरेच जण म्हणत, "त्यांचं ओझं आपण का घ्यायचं?" हे गृहस्थ मात्र हट्टाला पेटले होते. नावं ठेकेदाराला आधीच कळली, तर बायकांची नोकरी जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आमचे वरिष्ठ म्हणाले, "कागदच गेलेत ना? साधा अर्ज घेऊन ठेवा." मी म्हणालो, "सर, बंद घरातून वस्तू गेली आहे. गुन्हा दाखल करावाच लागेल." मी गुन्हा नोंदवला आणि पंचनाम्याला निघालो.

कुलूप, कडी, खिडकी, सगळं शाबूत होतं. चौथ्या दिवशी त्या इमारतीच्या दाराशी भाजी विकणारी वयस्क ख्रिस्ती बाई आमच्या हवालदाराला बाजूला घेऊन म्हणाली, "कोनी फोडलं नाय बाबा. मीटरच्या पेटीतून किल्ली काढली नि उघडून गेला. पाठमोरा होता, तोंड नाय दिसलं."

किल्ली मीटरपेटीत असते, हे घराबाहेर फक्त चौघांना माहीत होतं. चौघेही युनियनच्या कार्यकारिणीतले, बैठकीला नेहमी घरी येणारे. चौघांचे जबाब घेतले. चौघांनीही कानांवर हात ठेवले. सरचिटणीस तर माझ्यावरच चिडले. "माझ्या माणसांवर संशय घेऊ नका!"

तोवर ठेकेदाराने बायकांचे विमानतळाचे पास काढून घ्यायला सुरुवात केली होती. पास नाही म्हणजे काम नाही. रोज दोघी-तिघी रडत ठाण्यात येत. मी सरचिटणिसांना अर्जांवरची नावं आठवून लिहायला लावली आणि पास गेलेल्यांच्या नावांपुढे खूण करत बसलो. एकवीस खुणा झाल्या. एक नाव तसंच राहिलं.

"ही कोण?"

त्यांचा चेहरा उतरला. "आमच्या चिटणिसाची बहीण. विधवा आहे."

हा चिटणीस त्या चौघांतलाच एक, सरचिटणिसांचा वीस वर्षांचा मित्र. त्याला बोलावलं. दोन तास तो एकच वाक्य बोलत होता, "मला काही माहीत नाही." हात उगारावा असं मनात आलं, नाही म्हणत नाही. तेवढ्यात ठाणे अंमलदार आत आला. "साहेब, याची बहीण आली आहे." मी तिला आत घेतलं.

ती भावासमोर उभी राहिली. "दादा, सगळ्यांचे पास गेले. माझा का नाही गेला?"

"मला काही माहीत नाही," तो पुन्हा तेच म्हणाला.

"माझा अर्ज कुठे आहे, दादा?"

"फाडला," तो म्हणाला, आणि मग सगळंच बाहेर पडलं. ठेकेदाराच्या व्यवस्थापकाने धमकावलं होतं, नावं दे, नाहीतर तुमचं खातंही ठेक्यावर जाईल. "मी आपल्या माणसांना वाचवायला गेलो, साहेब." मग तो बहिणीकडे वळला. "तुलाही वाचवलं ना गं?"

"सही मी केली होती," ती म्हणाली. "ती काढायला तुला कोणी सांगितलं?"

ठेकेदाराच्या कचेरीतून एकवीस अर्ज जप्त केले. व्यवस्थापकालाही आरोपी केलं. दुसऱ्या दिवशी ती बहीण सरचिटणिसांना घेऊन आली आणि माझ्याच टेबलावर नवा अर्ज भरू लागली. मी म्हणालो, "बाई, ठाण्यात युनियनचं काम चालणार नाही." तशी ती उठली आणि फाटकाबाहेर, बाकीच्या बायकांसमोर, भिंतीवर कागद टेकवून तिने सही केली. आठवड्याभरात तिचाही पास गेला. पुढे कामगार आयुक्तांकडे कित्येक महिने तारखा चालल्या. शेवटी बावीसजणी कामावर परतल्या, युनियनच्या सभासद म्हणून.

तपासाचं म्हणाल तर तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. कोणाचं नुकसान झालं हे सगळेच पाहतात. कोणाला वगळलं, तेही पाहावं. पण खरा धडा वेगळाच होता. भावाला जामीन मंजूर झाला, तेव्हा जामीनदार म्हणून तीच उभी राहिली. मला राहवलं नाही. विचारलं, "एवढं होऊनही?"

"भाऊ आहे, साहेब. त्याला घरी नेणारच," ती म्हणाली. "पण कोर्टात विचारलं, तर जे ऐकलं तेच सांगेन."

आणि तिने ते सांगितलं.