मामांच्या गाडीची मोठी चाकं

फिरत्या चाकाकडं बघून माझ्या मामांची जशी तंद्री लागायची, तशी भल्याभल्यांची देवळातही लागत नसेल. रस्त्यानं बैलबंडी जावो, टांगा जावो, नाहीतर दूधवाल्याची सायकल जावो, मामांची मान त्या चाकाबरोबर हलकेच डोलू लागायची आणि चाक वळणाआड गेलं तरी मामा काही वेळ तिकडंच असायचे. अमरावतीच्या कोर्टात ते वकिली करत. कोर्टाच्या खिडकीतून रस्ता दिसायचा, हे त्यांच्या वकिलीचं मोठंच दुर्दैव. एकदा म्हणे समोरच्या वकिलांचं बोलणं चालू असताना बाहेरून रोडरोलर गेला. तो दिसेनासा होईस्तोवर मामा बघत राहिले, आणि न्यायाधीशांनी "आपलं काय म्हणणं?" असं विचारताच उठून म्हणाले, "पुढचं चाक मागच्यापेक्षा लहान असूनही…" मग कुठं आहोत ते लक्षात आलं आणि ते खाली बसले. तरी पक्षकार त्यांच्याकडं येत राहिले, कारण मामांनी जन्मात कुणाला "थोडक्यात सांगा" म्हटलं नाही. मोर्शीकडचा एक संत्रेवाला बांधाचं भांडण घेऊन आला, तो बांधावरून निघून बायकोच्या दम्यापर्यंत पोचला आणि उठताना म्हणाला, "वकीलसायेब, केस राह्यली बाजूले, पण मले लय हलकं वाटून राह्यलं."

मी तेव्हा मामांकडंच राहत होते. मुलींच्या शाळेत नुकतीच गणित शिकवायला लागले होते आणि जगातल्या बहुतेक गोष्टी आपल्याला कळतात अशा समजुतीत होते. त्याच सुमारास एका जिनिंग फॅक्टरीचे साहेब नोकरी संपवून मुंबईला निघाले आणि त्यांची जुनी गाडी मामांनी विकत घेतली. काळीभोर, चार दारांची, समोरून फुगीर आणि अंगानं बुटकी. सारा जन्म तिनं बंगला ते फॅक्टरी एवढ्या गुळगुळीत रस्त्यावर काढलेला. मामी तिला बघून म्हणाल्या, "हे तं म्हशीवानी बसूनच राह्यली. उठते तरी का?"

मामांनी ती गाडी घेतली ती एकाच माणसासाठी. त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझी मोठी मावशी, दर्यापूरच्या पलीकडच्या एका खेड्यात दिलेली. मामा तान्हे असताना त्यांची आई गेली, आणि दहा वर्षांच्या मावशीनं त्यांना आणि माझ्या आईला कडेवर घेऊन वाढवलं. लग्न होऊन गेल्यावरही दरवर्षी महालक्ष्म्यांना ती बैलगाडीनंच माहेरी यायची. देव्यांना साड्या नेसवायच्या त्या तिनंच. तिच्या हातच्या निऱ्या पडल्या की ज्येष्ठा आणि कनिष्ठा आत्ता पाऊल उचलतील की काय असं वाटायचं. पण पुढं तिचे गुडघे गेले. खेड्यापासून सडकेपर्यंत कोसभर काळ्या मातीची बंडीवाट, तिथले धक्के तिला सोसवेनात, आणि सलग तीन वर्षं ती आली नाही. तिसऱ्या वर्षी मामींनी नेसवलेलं ज्येष्ठेचं पातळ ऐन आरतीत कमरेवरून सुटलं. मामी लाजून रडकुंडीला आल्या. मामांनी आरतीचं तबक खाली ठेवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पुढल्या वर्षी ताईले मी गाडीत आणतो. तिच्या दारापासून आपल्या दारापर्यंत." तसं पत्रही त्यांनी लिहिलं. मावशीनं कुणाकडून तरी एका ओळीचं उत्तर लिहवून घेतलं, की मी आत्तापासूनच वाट पाहून राह्यली.

वैशाखात मामा रंगीत तालमीला म्हणून गाडी घेऊन त्या वाटेवर गेले. बंड्यांच्या चाकांनी दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पडलेल्या आणि मधे वाळून टणक झालेला उंच वरंबा. बुटकी गाडी त्या वरंब्यावर पोट टेकून बसली ती बसलीच. मामांनी उतरून वरंबा वितीनं मोजला आणि घरी येऊन जाहीर केलं, की गाडी चांगली आहे, वाटही चांगली आहे, फक्त चाकं मोठी हवीत. आमच्या भागात चाक म्हणजे बंडीचं चाक, आणि बंडीचं चाक जितकं मोठं तितकं चिखलात बरं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळं या निर्णयाला घरात, कोर्टात, गल्लीत कुणीही हरकत घेतली नाही. मीही घेतली नाही, हे इथंच कबूल करते.

पुढचे दोन-तीन महिने मामांच्या कोटाच्या खिशात सुतळीचं बंडल असे. दिसेल त्या चाकाला सुतळी गुंडाळायची, गाठ मारायची आणि संध्याकाळी ती माझ्यापुढं धरायची: "मास्तरीणबाई, याचा व्यास काढा." बसस्टँडवर ड्रायव्हर चहा पीत असताना ते त्याच्या बसच्या चाकापाशी ओणवे झाले, तर तो कप टाकून धावत आला. "काय मोजून राह्यले वकीलसायेब? टायर जप्त कराचं हाय का?" जेवताना ते पापड ताटात उभा धरून त्याच्याकडं बघत बसायचे. मामी वरण वाढायला आल्या तरी त्यांना दिसायच्या नाहीत. एकदा मी विचारलं, मामा, कुठं आहात? तर म्हणाले, "आत्ता मी ताईच्या दारात उभा हावो. हॉर्न वाजवला. ते आतून म्हणते, थांब रे, कुलूप लावून येतो." आणि खरोखरच ते कुलूप लागेस्तोवर थांबले, मगच त्यांनी पापड मोडला.

चाकं मिळाली अकोल्याला. कापूसबाजाराच्या मागं लष्करी लिलावातला माल विकणारं एक दुकान होतं आणि त्याला लागून एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं शेड. तीन रविवार मामा मला घेऊन तिथं गेले. भिंतीला टेकवून ठेवलेले टायर म्हणजे जणू दोन्हीकडचे पक्षकार. मामा एका टायरपाशी उभे राहून त्याच्या बाजूनं बोलायचे, की याची नक्षी खोल आहे, हा माती सोडणार नाही. मग दुसऱ्यापाशी जाऊन त्याचं वकीलपत्र घ्यायचे, की हा रुंद आहे, हा रुतणार नाही. दोन्ही बाजू पटल्या की चहा प्यायला निघून जायचे. ट्रकच्या एका चाकावर तर त्यांचा असा जीव जडला, की मिस्त्रीला कपाळावर हात मारून घ्यावा लागला. "वकीलसाब, ये गाड़ी है, ऊँट नहीं. जितना बड़ा पहिया, उतनी तकलीफ़. ऊपर जगाच नहीं बचती." मामा बराच वेळ त्या टायरवरून हात फिरवत राहिले आणि मग आपल्या हिंदीत म्हणाले, "मिस्त्री, बहन को लाना है. घुटने गए उसके." मिस्त्री आत गेला, जीपची चार चाकं गडगडवत बाहेर आणली आणि म्हणाला, "तो फिर ये लगाता हूँ." रिमची भोकं जुळेनात, ती त्यानं नवीन पाडली. चाकावरची मडगार्डं ठोकून ठोकून बाहेर काढली. संध्याकाळी गाडी उभी राहिली तेव्हा धोतर वर खोचून नाल्यात उतरायला निघालेल्या माणसासारखी दिसत होती.

त्या गाडीत चढायला मामी पायाखाली जेवणाचा पाट घ्यायच्या. पुढची चाकं पुरती वळेनात, कारण वळवली की टायर मडगार्डला घासायचे. आमच्या गल्लीत शिरायचं तर मामांना मागं-पुढं करत पाच खेपा घ्याव्या लागत, आणि तेवढ्या वेळात शेजारपाजारचे लोक बाहेर येऊन बसत. पण मामा खुशीत होते. अकोला ते अमरावती एरवी साठ मैल भरायचं, ते नवीन चाकांवर येताना काट्यावर चोपन्नच भरलं. मी समजावून सांगितलं, की मामा, चाक मोठं झालं म्हणून फेरे कमी झाले. काटा फेरे मोजतो, अंतर आहे तेवढंच आहे. मामा म्हणाले, "तू गणित सांगून राह्यली पोरी. पण अकोलं सहा मैल जवळ आलं असं गाडी म्हणते. गाडी खोटं कावून बोलन?" थोड्या वेळानं स्वतःशीच म्हणाले, "म्हणजे ताईचं गावही तीन मैल अलीकडं आलं असन."

महालक्ष्म्या बसायच्या त्या दिवशी सकाळीच आम्ही दोघं निघालो. आठ दिवस पावसाची झड लागलेली होती, ती नेमकी त्या दिवशी उघडली. दर्यापूरपर्यंत मजेत गेलो. सडक सोडून बंडीवाटेला लागलो, तर वरंबा खरोखरच पोटाखालून अल्लद जाऊ लागला. मामांचा चेहरा असा उजळला, की मला त्यांच्याबद्दल आजवर केलेल्या सगळ्या थट्टेची लाज वाटली. हा आनंद दोन-तीनशे पावलं टिकला. भादव्यातली काळी माती चाकाला लोण्यासारखी धरते. बंडीच्या चाकावर वरून काही नसतं. माती चढते आणि आपल्या वजनानं गळूनही पडते. आमच्या मोठ्या चाकांवर मात्र मडगार्ड होतं आणि दोहोंमधे जेमतेम बोटभर जागा. ती बघता बघता गच्च भरली आणि चारही चाकं जागच्या जागी जाम झाली. शेजारच्या कपाशीच्या पऱ्हाटीतून एक शेतकरी डोकावला, गाडीभोवती एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "सायेब, चाकावरचं टोपलं कावून नाई काढलं?" वैशाखापासून आम्ही व्यास काढत होतो, परीघ काढत होतो, आणि हा प्रश्न वऱ्हाडातल्या एकाही माणसाला सुचला नव्हता. मामा शेताच्या धुऱ्यावर बसले. "लहान चाकं असती तं वरंब्यानं धरलं असतं," ते म्हणाले, "मोठी हायेत तं मातीनं धरलं. दोन्हीकडून आपलीच केस कमजोर." मी हसायला गेले, पण त्यांचे डोळे भरलेले होते.

शेतकऱ्यानं जाऊन निरोप दिला आणि तासाभरात मावशीच रेंगीत बसून आली. तट्ट्याची, वरून झाकलेली लहान बैलगाडी ती. मावशी पहाटेपासून तयार होऊन बसली होती. आंब्याच्या रंगाचं नऊवारी, दोन्ही गुडघ्यांना गरम कापडाच्या पट्ट्या. तिनं गाडीकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काय रे भाऊ, हे गाडी होय का मचाण?"

मामा उठून उभे राहिले. "ताई, दारापर्यंत नाई आणता आली."

"मंग काय झालं? मी आली ना गाडीपर्यंत."

"तू रेंगीनंच सडकेवर चल. इथून मी…"

"मी नाई बा रेंगीनं येत. साऱ्या गावाले सांगून ठेवलं म्या, भाऊ गाडीत नेऊन राह्यला म्हणून."

चढायचं कसं, हा प्रश्न होताच. पाट ठेवला तो चिखलात गेला आणि दिसेनासा झाला. शेवटी शेतकऱ्यानं रेंगी मागं मागं घेत आणून गाडीच्या पुढच्या दाराला भिडवली, तर रेंगीची आणि गाडीची बैठक जवळजवळ सारखीच उंच. मावशी गुडघा न वाकवता, बसल्या बसल्याच इकडून तिकडं सरकली. मोठ्या चाकांचा उभ्या जन्मात झालेला हा एवढाच उपयोग. मग मामांनी कोट काढला, शेतकऱ्यानं आणि त्यांनी मिळून काठ्यांनी चाकांवरची माती कोरून काढली, गाडीच्या मागच्या अंगाला रेंगीचे बैल जुंपले, आणि मावशीसकट ती गाडी पाठमोरी ओढत सडकेवर आणली. वकील आणि बैल एकाच रंगाचे झाले होते. तिथं मागं-पुढं करत, कितीतरी खेपांनी, गाडीचं तोंड अमरावतीकडं वळलं.

मावशी मोठी बोलकी. तिच्याशी बोलताना मधे श्वास घ्यायला जागा मिळायची नाही. पण त्या दिवशी समोरची कडा दोन्ही हातांनी धरून ती गप्प बसून राहिली. ऊन उतरत होतं, दोन्ही बाजूंना ज्वारी ओली होऊन उभी होती, आणि मामांच्या अंगावरचा चिखल वाळून तडकत होता. पुढं लांबवर जिनिंग फॅक्टरीची चिमणी दिसू लागली, मग झाडं, मग गावाची धूसर रेघ. तेव्हा ती बोलली. "भाऊ, चाळीस वर्सं मी माहेरी येऊन राह्यली. रेंगीत आमी बाया मागं तोंड करून बसतो. दर खेपीले मले सासर मागं जाताना दिसे, अन् माहेर आलं हे बैल थांबले म्हंजे समजे. असं समोरून येताना म्या आपलं गाव कधी पाह्यलंच नाई."

मामा म्हणजे एरवी मोकळी सडक दिसली की गाडी पिटाळणारा माणूस, पण गाडी हळू होत होत चालीवर आली. शेळ्यांचा एक कळप आम्हाला मागं टाकून गेला. ती मावशीची शेवटचीच खेप होती. पुढच्या महालक्ष्म्यांच्या आत ती गेली. तेव्हा हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि मी तर मागच्या बाकावर तिच्या पेटीशेजारी बसून घड्याळ बघत होते. आज वाटतं, तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. पण मी पुढं वाकून म्हटलंच, "मामा, जरा जोरात घ्या ना. दिवेलागणीच्या आत देव्या बसायच्या आहेत, मामी वाट बघत असतील."

मामांनी मागं न बघता, अगदी हलक्या आवाजात सांगितलं, "गाव येऊ दे हळूहळू. ताई पाहून राह्यली."