इंजेक्शनच्या सासरची माणसं

पागेत दोन गोष्टी रोज साचतात. लीद आणि किस्से. लिदीची सोय असते, ती गाडीत भरून उसाला जाते. किस्से मात्र कुणी नेत नाही. ते जागच्या जागी पडून राहतात आणि दिवसेंदिवस जास्तच वास मारायला लागतात! म्हणून आज थोडे उपसून काढते.

आमची पागा सांगलीपासून तासाभरावर, कृष्णाकाठच्या उसात. माझे वडील, आबा, मुळात ऊसवाले. रेसच्या घोड्यांचा नाद नंतरचा. मी आयर्लंडात घोड्यांची पैदास शिकून परत आले ती एकच मंत्र घेऊन. रक्त! घोडा किती शर्यती जिंकला हे बघू नका, त्याचा बाप बघा, आईचा बाप बघा. हे मी आबांना जेवताना सांगायची, झोपताना सांगायची, ते दाढी करत असताना सांगायची. शेवटी माझं तोंड बंद व्हावं म्हणून त्यांनी एक कोवळा वळू घोडा घेतला. पाय दुखावल्यामुळे तो फार पळलेलाच नव्हता. पण वंशावळ अशी, की वाचताना माझ्या अंगावर काटा यायचा.

आबांच्या अंगावर काहीच आलं नाही. ते म्हणाले, "कागद लय झाक हाय. पर ह्येच्या पहिल्या शिंगरांतलं एक तरी पुण्याच्या रेसला जिंकलं पायजे. न्हाई जिंकलं, तर ह्यो सांगलीच्या बँडवाल्याकडं. नवरदेव मिरवंल गपगुमान."

"कबूल!" मी म्हणाले. त्या वयात माणूस काहीही कबूल करतं.

*

घोड्याचं नाव 'नोबल इंटेन्शन'. उदात्त हेतू! मला ते फार आवडायचं. पागेचे प्रमुख रिसालदारमामा. घोडदळातून निवृत्त, मिशा अजून नोकरीत. त्यांनी नाव दोनदा ऐकलं, मान हलवली आणि सगळ्यांना सांगून टाकलं, "नोबल इंजेक्शन!"

चार दिवसांत 'नोबल' गळालं. "इंजेक्शननं आज चारा खाल्ला न्हाई." "इंजेक्शनला खरारा करा रं!"

एका सकाळी शेजारच्या गावचे एक आजोबा कंबर धरून फाटकात उभे. "आवं, तुमच्याकडं फॉरेनचं भारी इंजेक्शन आलंय म्हनं. माझी कंबार लय धरलीया. देताय का एक?"

रिसालदारमामा गंभीरपणे म्हणाले, "हाय की. पर त्ये फकस्त घोडींनाच लागू पडतंय!"

*

वळूच्या पहिल्या वर्षीच्या शिंगरांना रेसच्या भाषेत 'फर्स्ट क्रॉप' म्हणतात. मी ते आबांना समजावून सांगितलं. पहिलं पीक.

ऊसवाल्याला एवढं पुरतं. त्या दिवसापासून पहिली शिंगरं म्हणजे 'लावण' आणि दुसऱ्या वर्षीची म्हणजे 'खोडवा', तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणारं पीक. शेजारचे तात्या कुंपणावरून सल्ला द्यायला लागले, "आबा, लावण कशीबी येती. खरी परीक्षा खोडव्याला! घोड्याला खत वाढवा."

एकदा मुंबईचे एक बडे रेसवाले साहेब पागा बघायला आले. सूट, बूट, सिगार. आबांनी त्यांना छाती काढून सांगितलं, "साहेब, लावण जरा बारीक हाय, पर खोडवा बघा, खोडवा! असा खोडवा अख्ख्या जिल्ह्यात न्हाई."

साहेबांनी डायरी काढली आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "हा खोडवा... याची आई कोण?"

*

आता जरा नाजूक विषय. घोडी वळूला दाखवण्याला आमच्याकडे एक रोखठोक शब्द आहे. पण मी पागेत आल्यावर सगळ्यांची अडचण झाली. ताईसाबांसमोर तो शब्द उच्चारायचा कसा? मी सांगून पाहिलं, की हे शास्त्र आहे, यात लाजायचं काय? ऐकून सगळे आणखीच लाजले. शेवटी रिसालदारमामांनी तोडगा काढला. तो शब्द बंद. आजपासून म्हणायचं, 'लगीन'.

"ताईसाब, उद्या सकाळी लगीन हाय. तुमी येऊ नका. म्हंजे, आलासा तरी चालंल, पर येऊ नका."

ही बातमी एसटीने शिराळ्याला कशी पोचली देव जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या आत्याबाई डोक्यावर पदर घेऊन, आहेराचं लुगडं काखेत मारून फाटकात हजर! "आबाच्या मळ्यात लगीन, आन् मला सांगावा न्हाई? कुठाय नवरी?"

रिसालदारमामांनी अदबीने वाट दाखवली. "हिकडं हाय, आत्याबाई. पर फुडनं बघा. मागनं गेलं की लाथ मारती!"

*

शहात्तर साल, आणीबाणी. कुटुंबनियोजनाच्या जीपगाड्या गावोगाव फिरत होत्या. जीपचा आवाज आला, की गावातले पुरुष उसात आणि बायका दारात.

जीपमधल्या साहेबांच्या कानावर चहाच्या गाडीवर कुणीतरी घातलं, की आबांच्या मळ्यावर एक गडी आहे. वर्षाला वीस-वीस पोरं काढतोय आणि अजून थांबायचं नाव नाही. जीप थेट फाटकात!

"त्याला बाहेर काढा," साहेब म्हणाले.

"काढतो," रिसालदारमामा म्हणाले, "पर धरायला चार मानसं तयार ठेवा."

इंजेक्शन बाहेर आला. दोन पायांवर उभा राहिला. खिंकाळला. साहेब बराच वेळ वर बघत राहिले.

मामांनी हात जोडले. "सायेब, समद्या गावाचं करा, माझंबी करा. पर ह्येला सोडा. हितं ह्यो एकटाच कमावता हाय!"

*

इकडे पुण्यात मात्र आमची 'लावण' करपत होती. इंजेक्शनची पोरं दिसायला देखणी, चालायला डौलदार, आणि पळायला... जाऊ दे. एक शिंगरू शर्यत सुरू झाल्यावर उभंच राहिलं. दुसरं मधेच वळून कुंपणाकडे गवत बघायला गेलं. मी दर वेळी आबांना म्हणायची, "रक्त बोलणार, आबा! थोडा वेळ द्या."

"बोलतंय की," आबा म्हणायचे. "न्हाई म्हनून बोलतंय."

एक दिवस सांगलीचा बँडवालाच पागेत आला. सोबत ढोल, ताशा, दोन कर्णे. "आबा म्हनले, जनावर बघून जा. आवाजाला बुजत न्हाई ना, तेवढं बघतो."

मी मनात देवाला म्हटलं, याला उधळू दे, याच्या टोपीवर पाय पडू दे! बँड सुरू झाला. इंजेक्शनने कान टवकारले, मान बाकदार केली आणि ठेक्यात पाय उचलायला लागला.

बँडवाला खूष. "ताई, पास झाला की वो ह्यो!"

आयुष्यातली पहिलीच परीक्षा. फर्स्ट क्लास!

*

लावणीतली आता एकच घोडी पळायची राहिली होती. सीझनचा शेवट आलेला. ती हरली, तर वरात ठरलेली. पण तिची गोष्ट सांगायची तर तिच्या आईच्या लग्नापासून सांगायला हवी.

आई म्हणजे आमची 'लेडी क्लारा'. पागेतलं नाव कलाबाई. तिचा आणि इंजेक्शनचा आजा एकच, तोही दोघांच्या बापाकडून. आयर्लंडात शिकवतात, की असा जोड जमला तर त्या नामांकित आजाचं रक्त दुप्पट उतरतं. मी वंशावळीचा तक्ता पागेच्या भिंतीवर लावला आणि खडूने दोन्ही नावांभोवती गोल काढले.

रिसालदारमामा तक्त्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी हातातला चाबूक खाली ठेवला.

"ताईसाब, ह्ये लगीन न्हाई व्हायचं. ही भावकी हाय!"

"मामा, घोड्यांना कसली भावकी?"

"मामाची पोर करा, आत्याची करा, कोन न्हाई म्हनतंय? पर बापाकडनं आजा एक म्हंजे चुलत बहीण-भाऊ. माझ्या हातनं हे पाप न्हाई व्हायचं."

मी तासभर शास्त्र सांगितलं. मोतद्दारांनी, म्हणजे घोडे सांभाळणाऱ्या गड्यांनी, ऐकून घेतलं आणि एकेक करून बाहेर गेले. घोडीला धरायला माणूस उरला नाही! लग्न हा शब्द त्यांनी माझ्या लाजेखातर काढला होता. आता तोच माझ्या आडवा आला.

शेवटी मामांनीच वाट सुचवली. "कलाबाईला दत्तक द्या. कूळ बदललं की सोयरीक मोकळी."

"अहो मामा, दत्तक दिली तरी रक्त तेच राहणार ना?"

"आवं, मग तुमाला तरी काय पायजे? रक्त तुमी ठेवा. मला फकस्त कूळ बदलून द्या!"

तासगावचे अण्णा म्हणजे आबांचे स्नेही, बेदाण्याचे व्यापारी. पोरबाळ नव्हतं. आबांनी हसत हसत त्यांना विचारलं. अण्णा हसले नाहीत. ठरल्या दिवशी सकाळी बायकोला घेऊन आले. काकूंनी कलाबाईला हळदकुंकू लावलं, ओंजळीने बेदाणे भरवले आणि कानाशी तोंड नेऊन काहीतरी म्हणाल्या. काय म्हणाल्या ते आम्हाला ऐकू आलं नाही. मग पदर डोळ्याला लावून बाजूला झाल्या. त्यानंतर मोतद्दार निमूट कामाला लागले.

त्या लग्नाची पोर 'तासगाव लेडी'. पुण्याच्या त्या शेवटच्या शर्यतीत ती निम्म्या वाटेपर्यंत पाचवी होती. मी डोळे मिटून घेतले. रिसालदारमामा शेजारी उभे राहून तिला पलटणीतल्या शिव्या घालत होते. शिव्या एकदम थांबल्या, म्हणून डोळे उघडले. सगळ्यांच्या पुढे एकच तांबडं डोकं होतं. आमचं!

धोतराचा सोगा सावरत आबा, साठीचा माणूस, रेलिंगच्या कडेने पळत सुटले. मागे मी, माझ्यामागे मामा. विजेत्या घोडीला लगाम धरून आत न्यायचा मान मालकाचा. आबांनी लगाम धरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "घोडा कुटं जात न्हाई. बँडवाल्याला सांगावा धाड."

एवढ्यात तिथल्या फाटकावर गडबड ऐकू आली. फेटा बांधलेले अण्णा आणि काठापदराचं नेसलेल्या काकू, हातात बेदाण्याची पिशवी. पहारेकऱ्याने त्यांना अडवलं होतं. बोलण्यावरून गडी साताऱ्याकडचा.

"आत सोडाय येत न्हाई. मालक हाय का तुमी?"

"न्हाई."

"ट्रेनर?"

"न्हाई वो."

"मग कोन?"

अण्णांनी फेटा सरळ केला. "मी घोडीचा आजा."

पहारेकऱ्याने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"आईकडनं का बापाकडनं?"

"आईकडनं."

त्याने घाईघाईने फाटक उघडलं. "आवं, मग हुबं काय ऱ्हायलाय? चला लवकर! बापाकडली मंडळी कवाच आत गेल्यात!"