बुलढाण्यात उघडलेलं पान

मुंबईत मी ज्या कंपनीत होते तिथे एक जुनं मेनफ्रेम होतं. खोलीभर मशीन, आणि त्याच्याबद्दल कुणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरायचं. साहेबांना ते मोडीत काढून नवी छोटी मशीनं आणायची होती. जिल्ह्याजिल्ह्यातल्या विक्रेत्यांना आपला माल निघाला की नाही ते आता इंटरनेटवर दिसायला हवं होतं. "तुमच्या म्हाताऱ्याला हे झेपणार आहे का?" ते त्या जुन्या मशीनबद्दल विचारायचे. म्हातारा गेला असता तर त्याच्यावर काम करणारी आमची अख्खी टोळी त्याच्याबरोबर घरी गेली असती.

पण म्हाताऱ्याच्या कार्यप्रणालीत आता युनिक्स नावाची नवी प्रणालीही आली होती, बाहेरच्या नेटवर्कशी बोलायची सोयही आली होती. आधीचा कारभार आमच्या बुलढाण्याजवळच्या धाड गावातल्या बाजाराच्या जीपसारखा. सीटा भरल्याशिवाय हलायचं नाही. कामं गोळा करायची आणि एकदम चालवायची. युनिक्सच्या बाजूला मात्र कुणीही हात दाखवावा, गाडी तिथेच थांबते. मी हट्टानं त्याच मशीनवर विक्रेत्यांसाठी मालाच्या यादीचं इंटरनेटचं पान चढवलं आणि ऑफिसात ते झकास दिसलं.

साहेब हसले. "शेजारच्या टेबलावर काय, कुणीही दाखवेल. तुमच्या बुलढाण्यात उघडून दाखवा, मग मानतो." ज्या गावाला रेल्वे पोचली नाही तिथे हे काय पोचणार, असा एकूण सूर. मला चांगलंच झोंबलं. त्याच दिवशी सुट्टी टाकली.

बुलढाण्यात वडील होते. महाराष्ट्र झाला त्या सुमारास ते धाडच्या शाळेत शिक्षक म्हणून लागले, आणि निवृत्त झाल्यावरही लोक त्यांना गुरुजीच म्हणत. आपली लेक मुंबईत नेमकं काय करते, हे मात्र त्यांना कुणालाच सांगता येत नसे. याची मला खंत होती. म्हणून मुंबईहून निघता निघता मी पानाच्या माथ्यावर त्यांच्यासाठी एक ओळ घातली.

गावात इंटरनेटचं दुकान नुकतंच निघालं होतं. वडिलांना घेऊन आत शिरले तसा चाळिशीचा मालक खुर्चीतून ताडकन उठला.

"नमस्ते, गुरुजी!"

"बैस," वडील म्हणाले. त्यांचा जुना विद्यार्थी. कुणी उठून नमस्ते म्हटलं की त्यांच्या तोंडून हा शब्द आपोआपच निघायचा.

मोडेम किंचाळला आणि पान हळूहळू उतरायला लागलं. मालाची यादी ठणठणीत आली. माथ्यावर मात्र नुसता कचरा, चौकोन आणि प्रश्नचिन्हं.

"काऊन वं माय, हे काय लिहेल हाय?" वडिलांनी विचारलं.

आमच्या मशीनवर अक्षरांचे संकेत वेगळे आणि बाहेरच्या जगात वेगळे, त्यामुळे बाहेर जाणारं सगळं आधी बदलून ठेवावं लागतं. यादी मी बदलली होती. घाईत घातलेली ओळ तशीच राहिली होती.

"बाबा, जरासक थांबा."

दुकानात फोन एकच, आणि इंटरनेट त्याच्यावरच. जोडणी तोडून मुंबईला एसटीडी लावला आणि सहकाऱ्याला ती अक्षरं बदलून टाकणारी युनिक्सची छोटीशी आज्ञा सांगितली.

"साहेब इथेच उभे आहेत," तो कुजबुजला. "उघडलं का विचारतायत. यादी दिसतेय ना? हो म्हणून टाक की."

"पूर्ण दिसल्याशिवाय म्हणणार नाही. थांबा म्हणावं."

पुन्हा मोडेम, पुन्हा पान. मराठी अक्षरांची सोय तेव्हा आमच्याकडे नव्हती, म्हणून ओळ इंग्रजी लिपीत होती, पण भाषा आपलीच. नमस्ते, गुरुजी.

वडिलांनी चष्मा सावरला आणि पडद्यावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं.

"हे मुंबईहून आलं?"

"हाव. माह्या मशीनवरून. आत्ताच."

त्यांनी पडद्यावरचं बोट उचललं. मग पडद्याकडे बघतच, वर्गात म्हणायचे त्याच आवाजात म्हणाले, "बैस."

मालक हसला नाही. माझी छाती अभिमानानं भरून आली आणि डोळेही भरून आले. जोडणी तोडून मी मुंबईला पुन्हा फोन लावला.

"उघडलं, साहेब," मी म्हटलं. "आमच्या बुलढाण्यात उघडलं."