सामानापाशी कोण बसणार?

सुमनताई, गुडघा आता वाकतोय का? भूमचे दाजी, खोकला गेला का? आणि धाकट्या जाऊबाई, तुमची कंबर काय म्हणतीय? आम्ही इकडं परंड्यात सगळी खुशाल आहोत.

दिवाळीनंतर आम्ही घरची सगळी जहाजानं लक्षद्वीपला जाणार आहोत. बेटावर उतरल्यावर दिवसभर काय करायचं, ते आज सकाळी सून वैशाली सगळ्यांना विचारून ठरवत होती. कुणाला पोहायचंय, कुणाला गाव बघायचंय.

मी म्हटलं, "तुम्ही खुशाल जावा. मी जहाजावर सामानापाशी बसते."

आमचे हे हसले. "सोनारीच्या जत्रंतबी हिचं हेच. सगळी दर्शनाला, अन् ही पिशव्या धरून लिंबाखाली."

खोटं नाही. जत्रा असो, लग्न असो, पिशव्या माझ्याच पायाशी.

वैशाली म्हणाली, "आत्या, तिथं खोलीला कुलूप असतंय. सामान ते राखंल."

"मग मी काय करू?"

"काचंच्या तळाची होडी असती. बसल्या जागी खालचे मासे दिसतेत. आपण दोघी त्यात बसू."

पोहायची हौस तिलाच लई, हे मला ठाऊक आहे. डोळे भरून आले. मलाही बघायचं असतं, हे मी आजवर कुणाला बोलले नव्हते; या लेकरानं न सांगता ओळखलं.

तुमच्यापैकी कुणी अशा होडीत बसलं असंल, तर लुगडं नेसून तीत चढता येतं का, तेवढं लवकर लिहा. पिशवी मात्र मी घेणार नाही.