मथुराचे मोकळे पाय

सुगंधाबाईच्या कडेवर सदान्‌कदा मथुरा असे, आणि मथुराचं वय होतं नऊ. अमळनेरजवळच्या त्या गावात लोक म्हणत, ही बाई पोर वाहूनच म्हातारी होणार. म्हणणाऱ्यांच्या तोंडाला कोण हात लावणार! जन्मताना गुदमरलेल्या मथुराचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर आवळलेले, टाचा वर ओढलेल्या. आंघोळ घालताना गुडघे फाकवायला आईला कोपर लावावं लागे. तिची स्वतःची कंबर आता पार गेली होती. मी मेल्यावर हिला कोण उचलेल, या एका धास्तीनं तिला घास गोड लागत नव्हता.

धुळ्याला एकदा टाचेमागची शीर लांब करून झाली होती. पण प्लास्टरच्या आतच पाय आकडले, टाके तुटले. पोर घसा बसेपर्यंत ओरडली आणि टाच होती तिथंच परत गेली. म्हणून सत्त्याण्णवच्या आषाढात तिथल्याच डॉक्टरांनी मुंबईहून बर्फाच्या डब्यातून नवं औषध आणवलं. बोटुलिनम नावाचं ते मुळात विषच. पण थेंबभर टोचलं की आवळलेला स्नायू सैल पडतो.

"हे तीनेक महिने टिकेल, बाई," सुई टोचून झाल्यावर डॉक्टर म्हणाले. "पाय सैल आहेत तोवर ऑपरेशन आणि प्लास्टर उरकायचं, म्हणजे टाक्यांना ओढ बसणार नाही. मुंबईचे सर्जन श्रावणात येतील. तारीख चुकवू नका."

आठवडाभरात गुडघे नुसत्या बोटानं उघडू लागले. सुगंधाबाईनं मथुराला पहिल्यांदा ओट्यावर मांडी घालून बसवलं आणि तोंडात पदर कोंबून रडली.

"माय, आते मी चालसू?" मथुरानं विचारलं.

नेमकी तारीख आली कानबाईच्या रोटांत, श्रावणातल्या त्या सणात. देवीच्या नैवेद्याचे ते जाड, गोड रोट भावकीनंच खायचे, आणि ते सरेपर्यंत घरच्या कुणी वेस ओलांडायची नाही, असा त्या घराचा नेम. सासू पार्वताबाई म्हणाली, "कानबाईनीच पोरना पाय मोकळा करात. आते पाय चिरानं काय काम? रोट सरू दे, मंग देखूत." नवरा झुलाल आईच्या शब्दाबाहेर नव्हता. आणि खरं सांगायचं तर सुगंधाबाईलाही ते पटलं. मथुराच्या पायांसाठी कानबाईला नवस तिनंच बोलला होता, मोकळे पाय तिनंच पाहिले होते. देवी कुठं दवाखान्याच्या आड येते? आड येतो आपलाच धाक.

रोट सरल्यावर ती एसटीनं धुळ्याला गेली, तर सर्जन येऊन गेलेले. आता ते पुन्हा येणार दिवाळीनंतर, आणि औषध तर त्याआधीच उतरणार. डॉक्टर रागावले नाहीत, त्याचंच तिला भय वाटलं.

"मंग अजून एक इंजेक्शन द्या, साहेब," तिनं हात जोडले.

"हेच मोठ्या मिनतवारीनं मिळालं होतं," ते म्हणाले.

मग रोज आंघोळीला ती मथुराच्या गुडघ्यांमध्ये हात घालून पाही. कानबाई, दिवाळीलोक पाय मोकळा ऱ्हाऊ दे, दिवाळी होईपर्यंत एवढंच ती मागे. चुलीपुढं मागे, कापूस वेचताना मोठमोठ्यानं मागे. बाया तिला वेडी म्हणू लागल्या.

कोजागिरीच्या सुमारास एका सकाळी तिचा हात गुडघ्यांत अडकला. ओढला, तरी निघेना. कोपर लावायचं तिच्या जिवावर आलं. ती तशीच ओल्या फरशीवर बसून राहिली. मथुरा तिच्या तोंडाकडं बघत म्हणाली, "माय, तुना हात दुखस का व?"